पाप कोणाचे?



योहान 9 मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे? प्रभू सांगतो, याचेही नाही आणि आईबापांचेही नाही.

मैंदर्गीसारख्या गावात मूल बहिरे जन्मले की हाच प्रश्न निघतो आणि बोट आईकडे वळते. बहिरेपणाची कारणे अनेक. त्यांपैकी एक आनुवंशिक आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. आतील कानाला लागणारे कनेक्सिन 26 हे प्रथिन ज्या जनुकापासून बनते, त्याची एक प्रत सदोष असली तरी ऐकू येते. दोन्ही सदोष मिळाल्या, तर मूल बहुधा जन्मतःच बहिरे असते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता 4 पैकी 1 असते. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो.

म्हणून नवस नको, दोषही नको. पहिल्या महिन्यात कानांची तपासणी, 3 महिन्यांच्या आत निदान आणि 6 महिन्यांच्या आत उपचार हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारा. अशा घरासाठी प्रार्थना करा आणि दवाखान्यात त्यांच्यासोबत जा.