कृत्रिम पायाचे सॉकेट : जाळीदार रचनेचा विचार

कृत्रिम पाय मिळाला की रुग्णाचा प्रश्न सुटला, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः तो पाय रोज वापरला जाईल की घराच्या कोपऱ्यात पडून राहील, हे बहुतांशी त्याच्या सॉकेटवर, म्हणजे पायाचा उरलेला भाग ज्या खोबणीत बसतो तिच्यावर, अवलंबून असते.

आपल्या राज्यात या सेवेची परंपरा जुनी आहे. पुण्याचे आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ साली जखमी जवानांसाठी सुरू झाले. पुढे रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या जयपूर फूटमुळे अनवाणी चालणे व उकिडवे बसणे शक्य झाले. या पायाचे सॉकेट बहुधा एचडीपीई प्लॅस्टिकचा पाइप तापवून प्लॅस्टरच्या साच्यावर चढवून घडवितात. ते स्वस्त व मजबूत असते. परंतु सर्वत्र सारखेच कठीण असते.

शरीर मात्र सर्वत्र सारखे नसते. गुडघ्याच्या वाटीखालचा भाग भार सोसतो. नडगीची कड व कापलेल्या हाडाचे टोक सोसत नाही. कोपरखैरण्यासारख्या खाडीकाठच्या दमट हवेत सॉकेटमध्ये घाम साचून त्वचा सोलवटते. मधुमेहाने संवेदना मंदावलेल्या रुग्णास तर जखम झाल्याचे कळतही नाही.

येथे जाळीदार रचना उपयोगी ठरू शकते. वेताने विणलेली खुर्ची भाराने किंचित लवते व तिच्यातून हवाही खेळते, तत्त्व तेच. संगणकावर पायाचा आकार घेऊन थ्रीडी प्रिंटरने बारीक काड्यांची जाळी थरावर थर देऊन तयार केली जाते. काड्या जाड वा दाट ठेवल्यास तो भाग ताठ राहतो. बारीक वा विरळ ठेवल्यास मऊ होतो. त्यामुळे एकाच पदार्थातून भार घेणारी व दाब टाळणारी जागा साधता येते.

मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. रोजच्या हजारो पावलांनी काड्या थकून तुटू शकतात, छिद्रांत मळ साचतो. म्हणून मजबुतीची चाचणी व नित्य स्वच्छता अनिवार्य आहे. शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही महिने पायाचा आकार घटत असल्याने सॉकेट पुन्हा जुळवावे लागते. यंत्र कितीही प्रगत असले, तरी दाब कोठे बसतो हे तंत्रज्ञाच्या हातास व रुग्णाच्या बोलण्यातूनच कळते.

यास्तव दात्यांनी पायाच्या किमतीसोबत पुढील तपासण्या व सॉकेट बदलण्याच्या खर्चाचाही विचार करावा, आणि कुटुंबीयांनी रोज रात्री त्वचा पाहून लाली वा फोड आढळताच रुग्णास घेऊन यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.