पाठ ११ : नव्या स्पोर्ट बाइकला बाहेरचा सायलेन्सर

नवी स्पोर्ट बाइक दारात आली की महिन्या-दोन महिन्यांत सायलेन्सर बदलण्याचा विषय निघतोच. मित्राने बसवलेला असतो, गॅरेजवाला सुरू करून आवाज ऐकवतो आणि वर ‘हप्त्यात करून देतो’ असेही म्हणतो. मागच्या पाठात आपण गाडीच्या कर्जाचा हिशेब केला. हा खर्च त्या कर्जाच्या पाठोपाठ येतो, पण त्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

आधी घेतो काय ते पाहू. बाहेरचे सायलेन्सर दोन प्रकारचे. ‘स्लिप-ऑन’ म्हणजे फक्त मागचा डबा बदलणे. इंजिनापासून येणारी नळी मूळचीच राहते. ‘फुल सिस्टीम’मध्ये इंजिनाच्या तोंडापासून सगळी नळी बदलते. अनेक नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, या मूळ नळीतच असतो. फुल सिस्टीम बसवली की तो बहुधा निघून जातो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांतल्या गाड्यांमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि इंधनाचा संगणक या भागाच्या भरवशावर चालतात. म्हणून फुल सिस्टीम घेतली की संगणकाचे ‘रीमॅपिंग’ही करावे लागते, आणि त्याचे बिल वेगळे येते.

‘पिकअप वाढतो’ हे दुकानातले पहिले वाक्य. यामाहा आर१५ घ्या. इंजिन १५५ सीसीचे, कमाल शक्ती १८.४ पीएस. समजा सायलेन्सरने शक्ती ५ टक्के वाढली, आणि नुसत्या स्लिप-ऑनसाठी हा आकडा उदारच आहे, तरी वाढ एका पीएसलाही पोचत नाही. ‘वजन कमी होते’ हे दुसरे वाक्य. ते खरे आहे, दोन-तीन किलो कमी होऊ शकते. पण याच गाडीच्या टाकीत ११ लिटर पेट्रोल मावते, त्याचे वजन सुमारे आठ किलो. टाकी अर्धी ठेवून चालवली तर चार किलो फुकटात कमी होतात! तेव्हा खरे कारण आवाज हेच. हौस म्हणून तो आवडणे यात गैर काही नाही, फक्त हौसेचा खर्च पिकअपच्या नावावर लिहू नये.

आता पैसे. समजा सायलेन्सर, बसवणावळ आणि रीमॅपिंग मिळून ४५,००० रुपये झाले आणि ते १२ टक्के व्याजाने ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर घेतले. हप्ता सुमारे १,४९५ रुपये. तीन वर्षांत भरले सुमारे ५३,८००, म्हणजे व्याज ८,८०० रुपये. हेच दरमहा १,५०० रुपये ६ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले असते तर तीन वर्षांनी हातात सुमारे ५९,००० रुपये आले असते. सायलेन्सर विकायला गेलात तर घेणारा तुमच्या बिलाकडे पाहत नाही, डब्यावरचे ओरखडे पाहतो.

एवढ्यावर खर्च थांबला तरी नशीब समजा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते (कलम १८२अ). आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र (कलम १९०). जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्याराज्यांत वेगळी असते. ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलीला कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे, त्यावरच्या इंजिनांना ८०. जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो वर्तमानपत्रांत आपण पाहतोच. अशा वेळी डबा गेला तरी हप्ता चालूच राहतो.

‘साहेब, यावर युरोपचा ई-मार्क आहे’ असे कोणी सांगितले तर तो शिक्का युरोपातल्या मंजुरीचा आहे हे ध्यानात ठेवा. आपल्या रस्त्यावर चालते ती भारतीय नियमांखाली झालेली मंजुरी. अक्रापोविच, योशिमुरा या नावांच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. नामांकित कंपनीचा डबा तीन-चार हजारांत मिळत असेल तर ती नक्कल आहे हे उघड आहे, आणि नकलेला ना चाचणी, ना वॉरंटी.

विम्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवणे हे विमाधारकाचे काम. न कळवता बदल केला आणि अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस तो पडला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यावर हरकत येऊ शकते. वॉरंटीचेही तसेच. रीमॅपिंग केलेल्या गाडीचे इंजिन बिघडले तर शोरूमला नकार द्यायला आयते निमित्त मिळते. दीड-दोन लाखांच्या गाडीचे संरक्षण आपण ४५ हजारांच्या डब्यापायी पणाला लावतो.

आणखी एक गोष्ट, जी गॅरेजवाले स्वतःहून सांगत नाहीत. ‘जुना सायलेन्सर द्या, दोन हजार कमी करतो’ असा सौदा कधी करू नका. मूळ सायलेन्सरच्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात, म्हणून भंगारातही त्याला मागणी असते. उद्या गाडी विकताना किंवा पीयूसीच्या वेळी तोच लागेल, आणि नवा घ्यायला गेलात तर किंमत ऐकून थक्क व्हाल.

मग घ्यायचाच असेल तर? तुमच्या मॉडेलसाठी कंपनीच्या अधिकृत सामानाच्या यादीत सायलेन्सर आहे का ते शोरूमला विचारा. तो रस्त्यावर चालतो आणि वॉरंटीला धक्का लागत नाही, हे बिलावर लिहून घ्या. मग विमा कंपनीला पत्र किंवा ईमेल करा आणि पोच जपून ठेवा. फुल सिस्टीमची जागा बंदिस्त ट्रॅकवर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरची कारी स्पीडवे येथे तसे ट्रॅक आहेत. तिथे जायचे तर मूळ सायलेन्सर लावून परत येण्याची तयारी हवी. पैसे मात्र आधी साठवून रोखीने द्या. हौसेसाठी कर्ज काढू नये, हे आमचे स्पष्ट मत.

करून पाहा : दुकानदार ३०,००० रुपयांचा सायलेन्सर ‘बिनव्याजी’ २४ हप्त्यांत देतो, दरमहा १,२५० रुपये. रोखीने घेतल्यास तोच २७,५०० ला मिळतो. हप्त्यांवर ५०० रुपये प्रक्रिया शुल्क वेगळे आहे. हप्त्याने घेणारा रोखीपेक्षा एकूण किती जास्त देतो? या व्यवहाराला बिनव्याजी म्हणाल का?