गुप्त लिपी आणि ती उलगडणारी माणसे



आपल्या चाकणला संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट किल्ला आहे. सन १६६० मध्ये शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी थोड्या लोकांनिशी तो ५६ दिवस लढवला. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार खणले, त्यात दारू ठासली आणि बुरूज उडवला. भुयार काही वरून दिसत नाही. म्हणून लढाईत तलवारीइतकीच बातमीही लागते.

बातमी आणण्याचे काम हेर करतात. शिवाजी महाराजांच्या हेरांचे प्रमुख बहिर्जी नाईक होते. सुरतेत खूप धन आहे ही बातमी त्यांनी आणली. मग महाराज जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर गेले. सन १६७९ मध्ये जालन्याहून परत येताना मोगल फौज आडवी आली. तेव्हा बहिर्जींनी आडवाटेने सर्वांना सुखरूप पट्टा किल्ल्यावर नेले. तेथे महाराजांनी विश्रांती घेतली, म्हणून त्या किल्ल्याला विश्रामगड म्हणतात.

पण बातमीचा कागद शत्रूच्या हाती लागला तर? म्हणून बातमी गुप्त लिपीत लिहितात. एक सोपी रीत सांगतो. प्रत्येक अक्षराऐवजी बाराखडीतले पुढचे अक्षर लिहायचे. काना, मात्रा तशाच ठेवायच्या. च चा छ, क चा ख, ण चा त. म्हणजे चाकण लिहायचे तर ‘छाखत’ होते. ज्याला रीत माहीत नाही तो वाचतच बसेल!

दुसऱ्या महायुद्धात जर्मन लोक हे काम एनिग्मा नावाच्या यंत्राने करीत. ते यंत्र दर अक्षराला रीत बदलायचे. पोलंड देशातील मारियन रेयेव्स्की आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी सन १९३२ पासून गणिताने ते उलगडायला सुरुवात केली. पुढे इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे ॲलन ट्युरिंग आणि पुष्कळ माणसे हेच काम करू लागली. शेवटी शेवटी तेथे सुमारे ९ ते १० हजार लोक होते. त्यांत चारांपैकी तीन बायका होत्या बरं का!

ते कसे उलगडत? आपण पत्र लिहिताना आधी ‘सा. न. वि. वि.’ लिहितो. पत्र न वाचताही ते शब्द ओळखता येतात. तसेच जर्मन लोक रोज हवामानाचा निरोप ठराविक शब्दांत पाठवीत. तो शब्द कोठे असेल याचा अंदाज करून ते बाकीचे शोधत. शिवाय एनिग्मात कोणतेही अक्षर स्वतःच्या जागी कधीच येत नसे. त्यामुळे चुकीचा अंदाज लगेच कळे. शत्रूच्या पाणबुड्या कोठे आहेत हे समजले की अन्नधान्याची जहाजे दुसऱ्या वाटेने नेता येत आणि खलाशांचे प्राण वाचत.

आपल्या देशातही असे काम चाले. दिल्लीला आनंद पर्वत येथे रामजस कॉलेजच्या जागेत जपानी फौजेचे बिनतारी निरोप ऐकून उलगडत असत.

युद्ध १९४५ साली संपले. पण ब्लेचलीची गोष्ट जगाला १९७४ नंतर कळली. इतकी वर्षे त्या लोकांनी आईवडिलांना आणि नवऱ्याबायकोलासुद्धा काही सांगितले नाही. ‘युद्धात तुम्ही काय केले?’ असे कोणी विचारले तर ते गप्प बसत. काहींचे आईवडील तर न कळताच वारले. लढणाऱ्या शूरांचे पुतळे उभारतात. पण गुप्त काम करणाऱ्याला शाबासकीही मिळत नाही, कारण शाबासकी दिली तर गुपित फुटते. म्हणून मला वाटते, गप्प राहणे हेही शौर्यच आहे.

आता तुम्ही ओळखा : खिव्वा. वर सांगितलेल्या रीतीने एकेक अक्षर मागे या. पालकांनीही ओळखावे. उत्तर आपल्या चाकणातच आहे!

— इयत्ता ४ थी