पाढ्यांचा खेळ शाळेच्या संगणकावर का चालेना? (कंपायलर निवडताना)



तिसरीच्या मुलांसाठी मी सी प्लस प्लसमध्ये पाढ्यांचा छोटा खेळ बनवला. प्रश्न मराठीत, आणि बटण दाबलं की तोच कन्नडमध्ये. आमच्या अक्कलकोट भागात घरी कन्नड बोलणारी लेकरं वर्गात असतातच. घरच्या लॅपटॉपवर खेळ मस्त चालला. पेनड्राइव्हवर घालून शाळेत नेला, मुलं गोळा झाली, आणि पडद्यावर इंग्रजी चौकट: हा प्रोग्राम इथे चालणार नाही. "बाई, बिघडला का?" बिघडलं काहीच नव्हतं. कंपायलर निवडताना माझंच चुकलं होतं.

कंपायलर म्हणजे भाषांतरकार. आपण लिहिलेला प्रोग्राम तो प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो आणि ईएक्सई फाइल तयार करतो. पायथॉनचा प्रोग्राम चालवायला त्या संगणकावर सहसा पायथॉन टाकावं लागतं, तसं इथे लागत नाही. म्हणून याला नेटिव्ह प्रोग्राम म्हणतात. इंटरनेट नसलेल्या जुन्या संगणकाला हे सोयीचं. पण भाषांतर कोणासाठी करायचं, हे आधी ठरवावं लागतं.

माझा लॅपटॉप ६४ बिटचा, शाळेत ३२ बिटचं विंडोज ७. चौसष्टची फाइल बत्तीसवर चालत नाही. उलट मात्र चालतं, बत्तीसची फाइल चौसष्टच्या विंडोजवर सहसा बिनतक्रार उघडते. म्हणून शाळेत नवे-जुने संगणक मिसळलेले असतील तर ३२ बिटचीच फाइल करा.

ती केली, तर दुसरं विघ्न! अमुक डीएलएल फाइल सापडत नाही म्हणे. सहलीला डबा न घेता गेलो आणि तिथे जेवण मिळेल असं धरून चाललो, तसंच हे. तयार फंक्शनांची फाइल लॅपटॉपवर होती, शाळेत नव्हती. कंपायलरला 'स्टॅटिक' अशी सूचना दिली की तो डबा प्रोग्राममध्येच भरून देतो. फाइल जाड होते, पण चालते.

आता कुठला घ्यायचा? जीसीसी हा मोफत कंपायलर १९८७ पासून आहे, विंडोजसाठी तो मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ या रूपात मिळतो. उतरवताना 'यूसीआरटी' आणि 'एमएसव्हीसीआरटी' असे दोन प्रकार दिसतात. विंडोज १० मध्ये पहिल्याची सोय आधीपासून असते, विंडोज ७ मध्ये ती वेगळी टाकावी लागते. म्हणून जुन्या संगणकासाठी मी दुसरा घेतला. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटीही एकट्या माणसाला मोफत आहे, खिडक्या-बटणं जुळवायला सोपा आहे, पण डिस्कवर कित्येक जीबी जागा खातो. माझ्या लॅपटॉपला ते झेपलं नसतं. पास्कल येत असेल तर लाझारस बघा, त्याचीही एकच ईएक्सई उचलून नेता येते.

पालक हमखास विचारतात, "टर्बो सी चालेल ना? आम्ही तेच शिकलो." मीही तेच शिकले. पण टर्बो सी प्लस प्लस १९९० चं, डॉसच्या काळातलं. सी प्लस प्लसचं पहिलं अधिकृत प्रमाण आलं १९९८ ला. ६४ बिटच्या विंडोजवर ते डॉसबॉक्सशिवाय उघडतच नाही. त्यात साधी पूर्णांक संख्या ३२७६७ पर्यंतच मावते. २०० गुणिले २०० करून बघा, उत्तर येतं उणे २५५३६! पाढ्यांच्या खेळात असं उत्तर दिसलं तर पोरं आपल्यालाच शिकवतील. आणि युनिकोड त्यात नाही, म्हणजे मराठी-कन्नड अक्षरं विसरा.

अक्षरांवरून आठवलं. प्रोग्रामची मूळ फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. जीसीसी ती तशीच आहे असं धरतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला 'यूटीएफ-८' ही सूचना वेगळी द्यावी लागते, नाहीतर 'सात' च्या जागी भलत्याच खुणा उमटू शकतात. खिडकीत मजकूर दाखवताना विंडोजची नावाच्या शेवटी 'डब्ल्यू' असलेली फंक्शनं वापरा. काळ्या चौकटीत, म्हणजे कन्सोलमध्ये, जोडाक्षरं फुटतात, तिथे वेळ घालवू नका. विंडोज ७ मध्ये मराठीसाठी मंगल आणि कन्नडसाठी तुंगा हे फॉन्ट असतातच.

तिसऱ्या खेपेला मुलांना बोलावण्याआधी मधल्या सुट्टीत एकटीनेच फाइल उघडून पाहिली. उघडली. आता तक्रार एकच आहे, सतराचा पाढा खेळातून काढा म्हणून.