हातातला जीपीएस : काय सांगतो, काय सांगत नाही

हातात मावणारा जीपीएस सुमारे २०,२०० किमी उंचीवरील उपग्रहांचे संदेश टिपतो आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळातील चूक या चार गोष्टी शोधायच्या असल्याने किमान चार उपग्रह लागतात. म्हणून आकाश मोकळे हवे. दाट झाडीत आणि अरुंद दरीत चूक वाढते.

मुख्य सोयी :

१. वेपॉइंट – तळ, पाणवठा, फाटा यांची जागा नावासह साठवता येते.

२. ट्रॅक – चाललेली वाट आपोआप नोंदली जाते. धुक्यात त्याच वाटेने परतता येते.

३. दिशा – उपग्रहांवरून दिशा फक्त चालताना कळते. उभ्या जागी कळण्यासाठी उपकरणात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र लागते.

४. डेटम – जीपीएसचा आधार डब्ल्यूजीएस ८४, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांचा एव्हरेस्ट. सेटिंग जुळवले नाही, तर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो. कड्याच्या काठावर तेवढा जीवघेणा ठरतो.

सराव : चामराजपुरम स्थानकाबाहेर वेपॉइंट घ्या आणि चामुंडी टेकडीसाठी ‘गो टू’ लावा. बाण आग्नेयेकडे सरळ रेषा दाखवेल. मधली घरे आणि चढ तो मोजत नाही. वाट नकाशावरून तुम्हीच ठरवा. मग उपकरण बंद करून नकाशा व होकायंत्रावर तीच वाट पुन्हा काढा. बॅटरी संपल्यावर हेच कामी येते.