साप मेलेला उंदीर खातो का?



साप जिवंत भक्ष्यच धरतो, मेलेल्याला तोंड लावीत नाही, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती पुरती खरी नाही, आणि ती आपल्या शेताला महाग पडू शकते.

युरोप-अमेरिकेत काही लोक आफ्रिकेतील बॉल पायथन नावाचा लहान अजगर हौसेने पाळतात. त्याला जिवंत उंदीर देण्याचे जाणकार टाळतात. कारण पेटीत कोंडलेला उंदीर उलटून सापाला चावतो. म्हणून ते आधी मारून बर्फात गोठवलेला उंदीर देतात. साप प्रथम तो घेत नाही. मग ते असे करतात :

१. उंदीर पूर्ण वितळू देतात व गरम पाण्यात ठेवून ऊबदार करतात. या अजगराच्या ओठांवर खाचा असतात. त्यांनी त्याला ऊब कळते.

२. लांब चिमट्याने धरून उंदीर हळूच हालवितात. वास सापाला जिभेने लागतो; हालचालीने तो झडप घालतो.

३. हे संध्याकाळी, अंधारात करतात. कात टाकण्यापूर्वी डोळे धुरकट झाले असता देत नाहीत.

४. न खाल्ल्यास उंदीर काढून घेतात व आठवड्याने पुन्हा पाहतात. बळजबरी करीत नाहीत.

यावरून काय शिकावे? वास, ऊब व हालचाल यांवरून साप भक्ष्य ओळखतो. ते श्वास घेते की नाही हे तो पाहत नाही. रानातले सापही मेलेले प्राणी खाताना आढळले आहेत.

आता आपल्या बांधाकडे वळू. आपण उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवतो. विष खाल्लेला उंदीर मंदावतो, उघड्यावर येतो, आणि मेल्यावरही काही वेळ ऊबदार राहतो. विष त्याच्या पोटात किंवा यकृतात उरते. असा उंदीर धामण, घुबड, मांजर, कुत्रे किंवा डुक्कर यांच्या पोटी गेला तर त्यांच्या जिवाला धोका असतो. म्हणजे फुकट राबणारे आपले राखणदार आपणच गमावतो.

म्हणून आमिष ठेवल्यावर रोज सकाळी बांध फिरावा. मेलेले उंदीर हाताने न उचलता फावड्याने गोळा करावेत व विहिरीपासून दूर, कुत्री उकरणार नाहीत इतके खोल पुरावेत. नंतर साबणाने हात धुवावेत; उंदरांपासून लेप्टोचा ताप येतो. उरलेले आमिषही तसेच पुरावे.

परदेशचे पाहून येथे कोणी साप धरून पाळू नये. आपल्याकडील रानसाप धरणे व ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय धामण समजून धरलेला साप नागही असू शकतो. बांधावर साप दिसला तर दूर उभे राहून त्याला वाट द्यावी. त्याचे काम त्याला चांगले येते.