छप्पर कोठे हवे?



गेले दोन रविवार आपण या पानावर मतदार यादी आणि प्रभाग समिती यांची माहिती घेतली. त्याच मालिकेत आज निवाऱ्याचा प्रश्न घेऊ या. हा विषय मुंबईच्या फुटपाथवरचा, आपल्या वसईचा नव्हे, असे काहींना वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

प्रथम बेघर कोणाला म्हणायचे ते पाहू. जनगणनेच्या भाषेत, जो छप्पर असलेल्या घरात राहत नाही तो बेघर. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपांत, रेल्वेच्या फलाटावर किंवा प्रार्थनास्थळांच्या आवारात झोपणारी ही माणसे. त्यांची मोजणी एकाच रात्रीत उरकतात. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभरात असे १७ लाख ७३ हजार लोक मोजले गेले. २००१ मध्ये ते १९ लाख ४३ हजार होते. म्हणजे एकूण आकडा घटला. पण शहरांतला ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेला. एकट्या बृहन्मुंबईत ५७ हजारांहून अधिक लोक सापडले. जो त्या रात्री एखाद्या गोदामात पाळीवर होता, किंवा हाकलला गेल्यामुळे भलत्याच गल्लीत जाऊन झोपला होता, तो या हिशेबात आलाच असेल असे नाही.

ही मोजणी रात्रीच का? कारण सकाळी ही माणसे कामावर जातात. बेघर म्हणजे भिकारी, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसले आहे. प्रत्यक्षात त्यांत हमाल असतात, कचरा वेचणाऱ्या बाया असतात, लग्नाच्या हॉलवर भांडी घासणारे असतात, नाक्यावर सकाळी सात वाजता रोजंदारीसाठी उभे राहणारे असतात.

या मुद्द्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिलेला आहे. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवरील लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा हुकूम काढला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. आम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो, त्या पद्धतीने त्याची मांडणी अशी करता येईल: घटनेने जगण्याचा हक्क दिला आहे, उपजीविकेवाचून जगता येत नाही, गरिबाची उपजीविका कामाच्या ठिकाणाशी बांधलेली असते, म्हणून त्याला तेथून उखडणे म्हणजे त्याच्या जगण्यालाच हात घालणे. लोक फुटपाथवर राहतात ते हौसेने राहत नाहीत. कामाची जागा जवळ असते आणि रोज लांबून येण्याचा वेळ व खर्च त्यांना परवडत नाही, हे न्यायालयाने मान्य केले.

निकालाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती बहुधा सांगितली जात नाही. फुटपाथ चालण्यासाठी आहेत, तेथे घर करण्याचा हक्क कोणालाही नाही आणि रीतसर नोटीस देऊन पालिका लोकांना हटवू शकते, असेही त्याच निकालात आहे. न्यायालयाने पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली आणि १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा देण्यास सांगितले. हक्क मान्य झाला, पण जागेचा प्रश्न तसाच राहिला.

पुढे २०१० मध्ये, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, असे दिवसरात्र उघडे राहणारे निवारे काढण्याचा आदेश दिला. दिल्लीत भर थंडीत एक निवारा पाडला गेला होता, त्यातून हा विषय न्यायालयापुढे आला होता. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात या निवाऱ्यांचे नियम ठरले: माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, सामान ठेवण्याची सोय, आणि निवारा शक्यतो बेघरांच्या कामाच्या जागेजवळ, म्हणजे स्टेशन, बसस्थानक, घाऊक बाजार यांच्या आसपास. या हिशेबाने सव्वा कोटीच्या मुंबईत सुमारे १२५ निवारे हवे होते. मुंबई त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचली नाही. आपल्या वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये १२ लाख २२ हजार होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने १२. आज लोकसंख्या किती वाढली आहे ते आपण रोज विरार लोकलमध्ये अनुभवतो.

जागा चुकली की काय होते याचे उदाहरण म्हणजे माहुल. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तेथील कुटुंबांना मुंबई पालिकेने चेंबूरजवळच्या माहुलला पाठवले. पक्क्या, अनेक मजली इमारती, पण शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. लोक आजारी पडू लागले, कामे दूर राहिली, मुलांच्या शाळा सुटल्या. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की कोणालाही तेथे सक्तीने पाठवू नका. दुसरे घर देता येत नसेल तर महिन्याला १५ हजार रुपये भाडे द्या. घर होते, चार भिंती होत्या, तरी माणसे नको म्हणत होती. त्यांना नखरेल म्हणणारेही आम्हाला भेटले आहेत.

परवडणाऱ्या घरांची गोष्टही फार वेगळी नाही. १९९५ मध्ये ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. बिल्डरने फुकट घरे बांधून द्यायची आणि मोबदल्यात जादा बांधकाम करून ते बाजारभावाने विकायचे, अशी ही योजना. जेथे जमीन महाग तेथे ती चालते, स्वस्त तेथे रखडते. तीस वर्षांनंतर घोषित आकड्याच्या निम्म्यापर्यंतही मजल गेलेली नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. विरार-बोळींजला म्हाडाने सुमारे १० हजार घरे बांधली. पाण्याची टंचाई आणि किमती यांमुळे त्यातली हजारो घरे वर्षानुवर्षे ग्राहकाविना पडून राहिली. त्याच काळात लोक नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवरच्या अनधिकृत इमारतींत आयुष्याची पुंजी घालत होते. त्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात पाडण्यात आल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एक अनधिकृत इमारत कोसळून १७ जण मेले. ही माणसे काही मूर्ख नव्हती. घरपट्टीची पावती हातात आली की इमारत अधिकृत झाली, असा समज आपल्यातल्या शिकलेल्यांचाही आहे. तसे नसते, अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते. बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, महारेराची नोंदणी आणि विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण आहे का, हे चारही पाहिल्याशिवाय कोणी बयाणा देऊ नये.

स्थानिक सत्तेकडे पैसा कमी असेल, पण जमिनीचा आराखडा तिच्या हातात असतो. दहा लाखांवरील शहरांत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम राज्याने २०१३ मध्ये आणला. आपल्या प्रभागातील मोठ्या संकुलांत ही घरे कोठे आहेत, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

आणखी एक गोष्ट घरातली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या वाडीत चाळी आहेत, भाडेकरू आहेत. अनामत घेतो, भाडे रोख घेतो, पण करार करून देत नाही. उद्या खोलीवर हक्क सांगेल अशी भीती. भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण करार नाही म्हणून त्या माणसाला आधारवर पत्ता बदलता येत नाही, रेशनकार्ड मिळत नाही, आणि घराच्या योजनेत अर्ज करायला त्याच्याकडे कागद नसतो. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार केला तर मालकही सुरक्षित राहतो आणि भाडेकरूला पत्ता मिळतो.

१९८७ हे संयुक्त राष्ट्रांनी बेघरांसाठी निवारा वर्ष म्हणून पाळले. त्या निमित्ताने व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने एक दस्तऐवज काढला होता. त्याचे शीर्षकच एक प्रश्न आहे: तुझ्या बेघर भावाचे तू काय केलेस?

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे. स्टेशनजवळच्या बंद पडलेल्या इमारतीत निवारा होणार अशी चर्चा आहे आणि त्याविरुद्ध एक अर्ज गेल्या रविवारी मिस्सानंतर आपल्या आवारात सह्यांसाठी फिरला. अर्जाची भाषा सौम्य आहे: निवारा अवश्य व्हावा, मात्र हायवेच्या पलीकडे व्हावा. हायवेच्या पलीकडून सकाळी सातला नाक्यावर कोण पोहोचेल? रात्री दहाला बाजारातले काम संपल्यावर तेथे कोण जाईल? तो निवारा रिकामा राहील आणि मग, पाहा, यांना फुटपाथच हवा, असे आपणच म्हणू. शेजाऱ्यांची काळजी खरी आहे: दारू, भांडणे, मुलींची ये-जा. त्यासाठी रात्रीचा रखवालदार, बायकांसाठी वेगळा निवारा, प्रवेशाची नोंदवही आणि देखरेख समितीत रहिवाशांचे दोन प्रतिनिधी, या मागण्या आपण लेखी करू शकतो.

अर्जाची प्रत आणि निवाऱ्याच्या नियमांचा मराठी गोषवारा धर्मग्राम कार्यालयात ठेवला आहे. समूह-बैठकांत दोन्ही वाचून चर्चा करावी आणि वरील मागण्यांत काही भर घालायची असल्यास समूहप्रमुखांनी ती गुरुवारपर्यंत लिहून द्यावी. शुक्रवारी आम्ही त्या घेऊन प्रभाग कार्यालयात जाणार आहोत.